बिऱ्हाड मांडलेला संघ : पुणे वॉरियर्सचे तीन हंगाम

२१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आयपीएलच्या दोन नव्या संघांसाठीच्या निविदा उघडल्या गेल्या. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १,७०२ कोटी रुपये, देऊ केले होते. कोचीचा संघ ३३ कोटी ३३ लाख डॉलरला गेला. दोनच वर्षांपूर्वी पहिल्या आठ संघांतला सर्वांत महागडा मुंबईचा संघ ११ कोटी १९ लाख डॉलरला विकला गेला होता. पुण्याने त्याच्या तिपटीहून अधिक किंमत मोजली, तीही एकही खेळाडू आणि एकही तयार मैदान हाताशी नसताना.

फोंडाघाटात बसून या संघाबद्दल लिहावंसं वाटतं त्याला कारण आहे. आमचं गाव कणकवली तालुक्यातलं. इथून घाट चढला की दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर आणि पुढे पुणे. क्रिकेटच्या कारभारातही सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतो, मुंबईकडे नाही. इथला पोरगा रणजी खेळायचं स्वप्न पाहतो ते या वाटेने महाराष्ट्राच्या संघाचं. मन मात्र मुंबईत. घराघरातला कुणी ना कुणी चाकरमानी तिथे, त्यामुळे २००८ पासून वाडीवाडीत निळ्या जर्सीचाच जयजयकार. भात झोडून झालं की रिकाम्या शेतात टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात, तिथेही मुंबईकर पाहुण्यांचा शब्द चालतो. कागदोपत्री आपल्या असलेल्या पुण्याचा संघ आला, तेव्हा इथल्या माणसांना जिंकून घेण्याची त्याला उत्तम संधी होती.

२०११ च्या जानेवारीत बंगळुरूला मोठा लिलाव झाला. जुन्या संघांना चार खेळाडूंपर्यंत राखून ठेवायची मुभा होती आणि सगळ्यांनी मिळून बारा राखले. धोनी, सचिन, सेहवाग, कोहली अशी नावं त्यामुळे बोलीला आलीच नाहीत. प्रत्येक संघाची खर्चाची मर्यादा ९० लाख डॉलर होती. पुण्याने रॉबिन उथप्पावर २१ लाख आणि युवराज सिंगवर १८ लाख खर्चले. चाळीस टक्क्यांहून अधिक पैसा दोघांतच संपला. माझ्या मते इथेच पहिली गफलत झाली. नव्या संघाला ताऱ्यांइतकीच घरच्या पोरांची गरज असते. पुण्यातच वाढलेला केदार जाधव त्या वर्षी खेळला तो कोचीकडून.

घरही नव्हतं. गहुंजेचं स्टेडियम पूर्ण झालं नव्हतं, म्हणून पुण्याच्या संघाने पहिल्या वर्षी बिऱ्हाड मांडलं ते नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, मुंबईच्या अंगणात. २ एप्रिलला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला होता आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू युवराज होता. आठच दिवसांनी, १० एप्रिलला, तो नेरूळला पुण्याचं नेतृत्व करत होता. त्या सामन्यात विदर्भाच्या श्रीकांत वाघने तीन बळी घेतले, पंजाबवर सात गडी राखून विजय मिळाला आणि सामनावीर वाघच ठरला. पुढचा सामनाही जिंकला. नंतर सलग सात पराभव आणि दहा संघांत नववा क्रमांक.

दुसऱ्या वर्षाआधी युवराजला कर्करोगाने गाठलं. २०१२ मध्ये सौरव गांगुली कर्णधार झाला. सुरुवात झकास होती. वानखेडेवर मुंबईला २८ धावांनी हरवलं आणि ८ एप्रिलला गहुंजेच्या नव्याकोऱ्या मैदानावर पंजाबला २२ धावांनी. हे मैदान लंडनच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कार्यालयाने आखलेलं, द्रुतगती मार्गालगतचं, डोंगरांची पार्श्वभूमी असलेलं. पण त्या हंगामाचा खरा चेहरा दिसला ५ मे रोजी, तोही कोलकात्यात. गांगुली आपल्याच शहरात पाहुण्या संघाचा कर्णधार म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला आणि प्रेक्षक दुभंगले. यजमान सात धावांनी जिंकले, पण स्टँडमधला मोठा जमाव पुण्याच्या कर्णधारासाठी ओरडत होता. पुण्याच्या संघाला माहेर मिळालं ते हुगळीकाठी, आणि ते प्रेमही संघावरचं नव्हतं, गांगुलीदादावरचं होतं. हंगामातले शेवटचे नऊ सामने हरून संघ तळाला गेला.

इथे न्यूयॉर्कचं एक उदाहरण आठवतं. १९५७ च्या हंगामानंतर बेसबॉलचे डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ शहर सोडून कॅलिफोर्नियाला गेले. त्या पोकळीत १९६२ मध्ये मेट्स हा नवा संघ उतरला. इतर संघांनी सोडायची तयारी दाखवलेले खेळाडू घेऊन, पोलो ग्राउंड्स या जुन्या मैदानावर. पहिले नऊ सामने हरले, वर्षभरात ४० जिंकले, १२० हरले. तरी ९ लाखांहून अधिक लोक बघायला आले. संघाच्या रंगांतच गेलेल्या संघांची ओळख होती, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी. डॉजर्सच्या दिवसांपासून ब्रुकलिनकरांचा लाडका गिल हॉजेस उतारवयात या संघात खेळला. मालकीणबाई जोन पेसन यांनी जायंट्सच्या स्थलांतराला विरोध केला होता. १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी संघ सोडला नाही. १९६४ मध्ये स्वतःचं शे स्टेडियम झालं आणि १९६९ मध्ये हॉजेसच्याच मार्गदर्शनाखाली मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली.

मेट्सला मिळाली तशी आठ वर्षं पुण्याला मिळाली नाहीत. निविदेच्या वेळी ९४ सामन्यांचं गणित होतं, प्रत्यक्षात हंगाम ७४ सामन्यांचा झाला, म्हणून शुल्क कमी करा, असा सहाराचा आग्रह होता. वर्षाला सुमारे १७० कोटींचा प्रश्न होता. २०१३ मध्ये मैदानावर तर दैना झाली. २३ एप्रिलला बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा कुटल्या, त्यात १७ षटकार. समोर गोलंदाजी पुण्याची होती. मे महिन्यात क्रिकेट मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने अंग काढून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार संपवला. कोचीचा करार तर २०११ मध्येच गेला होता. पुण्याचा एकूण हिशेब : ४६ सामने, १२ विजय. गहुंजेच्या मैदानावरून सहाराचं नावही उतरलं.

२०१६ मध्ये दोन वर्षांपुरता दुसरा पुणेरी संघ आला, रायझिंग पुणे. त्याने दहा लाखांत घेतलेला महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी २०१७ मध्ये ३९१ धावा करून गेला आणि संघ अंतिम सामना एका धावेने हरला. वॉरियर्सनी असा एक जरी पोरगा घडवला असता, तरी आमच्या वाडीत त्यांची जर्सी दिसली असती, असं मला मनापासून वाटतं.

गहुंजेचं मैदान मात्र राहिलं. २०२३ च्या जूनमध्ये तिथेच पहिली महाराष्ट्र प्रीमियर लीग झाली, सहा संघांची. अंतिम सामना पावसाने धुऊन गेला आणि साखळीतल्या अव्वल स्थानामुळे विजेतेपद गेलं कोकणाकडे, रत्नागिरी जेट्सकडे. पुढच्या वर्षी तो करंडक त्यांनी पुन्हा मिळवला, या खेपेस अंतिम सामन्यात नाशिकला हरवून.