वजन उतरवायचे? मग वजन उचला!

आरोग्य शिबिरात वजनकाट्यावरून उतरलेल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, रात्रीचं जेवण बंद करू का?" दुसरा प्रश्न, "रोज किती चालू?" वजन उचलण्याचा व्यायाम करा, असे सांगितले की मात्र चेहरा बदलतो. "आमच्या आईनं जन्मभर डोक्यावर पाट्या वाहिल्या. आता आम्ही हौसेनं ओझी उचलायची का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकींच्या आया बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर, दुसऱ्यांच्या शेतात राबल्या. पन्नाशीतच त्यांची कंबर वाकली, गुडघे गेले. ओझे म्हणजे शरीराची झीज, हे आपण घरात डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे शिकून ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात नोकरीला लागलेल्या मुलीला ओझे नकोसे वाटणार, यात नवल नाही.

श्रम वेगळे, व्यायाम वेगळा

आईने उचललेली पाटी किती जड असावी, हे मुकादम ठरवत असे. दिवसभर तीच एक हालचाल, थकवा आला तरी थांबायची सोय नाही, वरून जेवण अपुरे. असे श्रम शरीर झिजवतात.

व्यायामात वजन किती उचलायचे, ते आपण ठरवतो. आज झेपेल तेवढेच घेतो, मध्ये विश्रांती घेतो, दुसऱ्या दिवशी स्नायूंना सुट्टी देतो आणि पोटभर प्रथिने खातो. मग तोच भार शरीर घडवू लागतो. मापात भार, विश्रांती आणि पोषण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच त्याला व्यायाम म्हणायचे. यातले एक जरी गळाले तरी ते पुन्हा नुसते कष्टच.

घरकामातही हालचाल होते, ती वाया जात नाही. पण भांडी, धुणे, झाडू यांत भार हळूहळू वाढत नाही. म्हणून दिवसभर राबूनही स्नायू बळकट होत नाहीत आणि पोटाचा घेरही कमी होत नाही.

काटा अर्धीच गोष्ट सांगतो

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३ होता. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. आपण भारतीय लोक दिसायला बारीक असलो तरी आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. तीही पोटात साठते. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट इथूनच सुरू होते.

म्हणूनच आपल्यासाठी मर्यादा कडक ठेवल्या आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला तर जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा हिशेब केला तर ५३ किलोच्या वर जास्त वजन, ५८ किलोच्या वर लठ्ठपणा. कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत (साधारण साडेएकतीस इंच) आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत (साधारण साडेपस्तीस इंच) असावा. माप घेताना परकराची नाडी बांधतो तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा.

उपाशी राहून काय होते?

जेवण तोडले की वजन उतरते, हे खरे. पण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. साधारण पाव भाग तरी चरबी सोडून इतर ऐवज असतो. तिशीनंतर स्नायू असेही दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात. त्यात उपासमारीची भर पडली की जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते. आणि जेवण पूर्ववत झाले की वजन परत येते, तेही चरबीच्या रूपाने.

वजन उचलण्याचा व्यायाम स्नायूंना राखतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच. म्हणून ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तर हा व्यायाम टाळूच नये. "स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल" अशा जाहिराती मात्र खऱ्या मानू नका. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. वजन उतरते ते मुख्यतः ताटातल्या बदलाने. उतरताना स्नायू वाचवायचे काम व्यायाम करतो.

"बाईमाणसाची बॉडी होईल" ही भीतीही काढून टाका. पुरुषांसारखे दंड फुगायला जे हार्मोन लागते ते बायकांत फार थोडे असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकार मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवणारी मीराबाई चानू ४९ किलो वजनी गटात खेळत होती.

सुरुवात करण्याआधी

रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासण्या होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार सुरू करा, नाहीतर चार पायऱ्यांतच दम लागेल. वजन अचानक वाढले असेल तर थायरॉइडची तपासणीही करून घ्या.

छातीत दुखणे, हर्निया, अंग बाहेर येण्याचा त्रास, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा, ताब्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण किंवा अलीकडचे सिझेरियन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या वेळी खडीसाखर किंवा साखर जवळ ठेवा. मासिक पाळीत व्यायाम करायला हरकत नाही. झेपेल तेवढा करा.

घरच्या घरी सहा हालचाली

जिमची फी परवडत असेल तर जरूर जा. नसेल तर पिठाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि बादली पुरेशी आहे. एक लिटरची बाटली पाण्याने भरली की एक किलो, कोरड्या वाळूने भरली की सुमारे दीड किलो. आधी पाच मिनिटे जागच्या जागी चाला, हात-खांदे फिरवा.

१. खुर्चीवरून उठबस : खुर्ची भिंतीला टेकवा. हातांचा आधार न घेता उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा.

२. भिंतीवरचे जोर : छातीच्या उंचीवर दोन्ही तळवे भिंतीला लावा, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला. जमू लागले की स्वयंपाकाच्या ओट्यावर, नंतर पलंगाच्या कडेवर.

३. वाकून उचलणे : अर्धी भरलेली बादली दोन पायांच्या मध्ये ठेवा. पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे. बादली अंगाजवळ ठेवून उभे राहा. पाठ गोल करून हंडा उचलायची सवय असेल तर ती इथेच मोडा.

४. ओढणे : एक हात पलंगावर टेकून थोडे पुढे वाका. दुसऱ्या हातातली पिशवी कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढा. मग हात बदला.

५. डोक्यावर नेणे : दोन्ही हातांत बाटल्या धरून खांद्यापासून सरळ वर न्या, सावकाश खाली आणा.

६. ओझे घेऊन चालणे : दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, खांदे ताठ, २० ते ३० पावले.

पहिल्या पाचांपैकी प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा करा. सहाही झाल्या की एक-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा एक फेरी करा. सगळे मिळून अर्धा तास लागतो. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका, त्याने रक्तदाब चढतो. उरलेल्या दिवशी भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे अशी हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

बारा वेळा करूनही "अजून चार-पाच सहज होतील" असे वाटले की वजन थोडे वाढवा. एक लिटरच्या बाटलीऐवजी वाळूची घ्या, खुर्चीवरून उठताना छातीशी पाच किलो पीठ धरा. ही वाढ थांबली की फायदाही थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, दंड ठणकणे साहजिक आहे. पण सांध्यात कळ आली, छातीत दडपले, चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

एकटीला कंटाळा येत असेल तर चार-सहा जणी जमा. अनेक विहारांचा हॉल सकाळी रिकामा असतो, समितीला विचारून बघा.

ताटात काय बदलायचे?

आपल्या ताटात भात, भाकरी, चपाती भरपूर आणि प्रथिने चमचाभर, हे मूळ दुखणे आहे. साध्या तब्येतीच्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना दर किलोला एक ग्रॅमच्या थोडे वरच धरा. ६० किलोच्या बाईला ६५ ते ७० ग्रॅम होतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच प्रमाण पाळावे.

एका दिवसाचा हिशेब असा बसतो. सकाळी दोन अंडी आणि एक चपाती, १५ ग्रॅम. दुपारी दीड भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही, २० ग्रॅम. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि चहा, ८ ग्रॅम. रात्री एक भाकरी, कोशिंबीर आणि १०० ग्रॅम चिकन किंवा मासे, २५ ग्रॅम. मांसाहार नसेल त्या दिवशी ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या तेवढेच काम करतात. सुकट, सुके बोंबील हेही प्रथिनांनी भरलेले आहेत, फक्त दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या म्हणजे मीठ कमी होईल. शेंगदाणे चांगले, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणून मोजून मूठभर. हजारो रुपयांची प्रोटीन पावडर घेऊ नका. वस्तीत फिरून "महिन्यात दहा किलो" म्हणत डबे विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

कपात करायची ती तेल आणि साखरेत. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी होतात. तेच तीन लिटरवर आणले तर माणशी १३५ कॅलरी वाचतात, कुणाचीही भाकरी न तोडता. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी. दोन कप आणि एकेक चमचा केला तर १२० वाचल्या. रोज अडीचशे कॅलरी इथेच निघाल्या. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर तिनेही वजन वाढते. ताटाचा अर्धा भाग भाज्या-कोशिंबिरीने भरा, भूक आपोआप आवरते. आणि घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला रस्सा-भात खायची सवय सोडा. अंडी, मासे, डाळीचा आपला वाटा आधीच काढून ठेवा.

तीन महिन्यांत काय दिसेल?

महिन्याला एक ते दोन किलो उतरले तरी उत्तम. नुसत्या पोटाच्या व्यायामाने फक्त पोटाची चरबी जात नाही, ती सगळ्या अंगातून हळूहळू उतरते. एखाद्या महिन्यात काटा हलणारही नाही, पण ब्लाउज सैल झालेला असेल.

म्हणून आज एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवा : तारीख, वजन, कमरेचा घेर आणि अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता आले तो आकडा. वजन पंधरवड्यातून एकदाच बघा. बाकीचे दोन आकडे महिन्याने पुन्हा मोजा. उठबशीचा आकडा वाढला आणि घेर कमी झाला, तर काटा काहीही म्हणो, तुमची वाट बरोबर आहे. शेजारच्या मैत्रिणीलाही वही घ्यायला सांगा.