पाटीवर मातोश्री, सातबाऱ्यावर भाऊ

31 मे 2025 रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्याआधी 6 मे रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक थेट त्यांच्या जन्मगावी, चौंडीत भरली. त्या जिल्ह्याचे नाव तर आधीच बदलून अहिल्यानगर झाले होते. काशी, गया, सोमनाथ, महेश्वर ही त्यांच्या देवळा-घाटांची यादी वक्त्यांना तोंडपाठ झाली. त्यासाठीचा सगळा पैसा आला कुठून, हे सांगायला मात्र फारसे कुणी थांबले नाही. 1734 मध्ये अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर लागली, वर्षाला सुमारे तीन लाखांच्या उत्पन्नाची. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली आणि देवळे, घाट, विहिरी, अन्नछत्रे यांचा मोठा भार या जहागिरीने उचलला. सासूच्या नावावर जहागीर नसती, तर सुनेच्या पुण्याईची व्याख्याने द्यायची वेळच आली नसती. त्या वर्षभरातल्या भाषणांत अहिल्याबाईंची भक्ती, करुणा, साधेपणा सगळे आले, फक्त त्यांचा पैसा आला नाही. ही चूक अनवधानाने होते असे मला वाटत नाही. बाईच्या दानाचे कौतुक करायला आपण तयार असतो, तिच्या मालकीचा विषय निघाला की आपण चहा मागवतो.

पुढची दीडशे वर्षे भराभर ओलांडायला हरकत नाही. त्या काळात हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर मर्यादित हक्क होता. खाऊन-पिऊन राहावे, विकू नये. अपवाद होता तो कायदेशीर गरजेचा आणि नवऱ्याच्या परलोकासाठी केलेल्या धर्मकृत्याचा. खानदेशात काय किंवा कोकणात काय, जुन्या बायकांच्या देणग्या देवळाच्या पायरीवर नाहीतर घाटाच्या दगडावर का सापडतात आणि शाळेच्या खोलीवर का सापडत नाहीत, याचे निम्मे उत्तर या अपवादात आहे. ‘बायकांना देवाधर्माचे वेड’ असे म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा. दुसरे कुठे द्यायची सोयच नव्हती.

मुंबईच्या शेटाण्यांची गोष्ट वेगळी. माहीमच्या खाडीत होड्या बुडत, माणसे मरत, आणि सरकार पूल बांधायला पैसे काढत नव्हते. शेवटी आवाबाई जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये रस्ता खुला झाला. त्यावर टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट. आज त्या भागातल्या मोठ्या रस्त्याचे नाव आहे लेडी जमशेटजी मार्ग. म्हणजे पैसा आवाबाईंचा आणि नाव नवऱ्याचे. त्याच्या उलट उदाहरण 1920 चे. विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले ते आईच्या नावाने, म्हणून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. त्या दानाबद्दल आदरच आहे. पण जिने दिले तिचे नाव झाकले गेले आणि जिच्या मुलाने दिले तिचे अजरामर झाले. एवढ्या एका जोडीवरून दगडावरचे नाव आणि हातातली पुरचुंडी यांचा संबंध किती सैल असतो ते कळते. 1885 चा डफरीन फंडही त्यातलाच: व्हाइसरॉयची बायको अध्यक्ष, संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या देणग्या. दवाखाने झाले, बायकांना डॉक्टरीण मिळाली, हे खरे. त्यात बाईने काय द्यायचे ठरवले आणि साहेबाची मर्जी राखायला नवऱ्याने काय दिले, हे निवडून काढणे आता अवघड आहे.

माझा खरा राग मात्र जवळच्या एका दशकावर आहे. 1994 ते 2004. ज्यांनी ते दशक तालुक्याच्या गावात काढले त्यांना आठवत असेल, सगळे एकदम जुळून आल्यासारखे वाटत होते. चांदवडला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे महिला अधिवेशन 1986 मध्ये झाले होते आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती निघाली: शेतकऱ्याने स्वखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत बायका बसल्या. 1994 मध्ये राज्याचे महिला धोरण आले आणि त्याच वर्षी 22 जूनपासून महाराष्ट्रात मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली. केंद्राला तेवढ्यासाठी 2005 उजाडले. रोटरीनेही 1989 मध्ये बायकांना दार उघडले होते. तोवर रोटेरियनच्या बायकोसाठी इनरव्हील होते आणि लायन्सच्या बायकोसाठी लायनेस. मुलींसाठी वह्या, मोतीबिंदूचे शिबिर, वाचनालयाला कपाट असली कामे गावोगाव या मंडळांच्या जिवावर होत. शहरातल्या विद्वानांनी त्यांची हळदीकुंकवाची चळवळ म्हणून टर उडवली. त्या टिंगलीत सगळेच खोटे नव्हते. भिशी, वाण, फोटो हे होतेच. तरी त्या बायका पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरत, हिशेब ठेवत आणि शंभर रुपये कुणाला द्यायचे यावरून जिवाच्या आकांताने भांडत. पैसा कुठे जावा यावर भांडता येणे हे आश्रयदातृत्वाचे पहिले शिक्षण आहे, आणि टिंगल करणाऱ्यांना तेवढे दिसले नाही.

हे शिक्षण वाया गेले. 1994 च्या कायद्याने त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्याच होत्या. उरलेल्यांसाठी समाजाने हक्कसोडपत्र शोधून ठेवले होते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गौराई पूजते. वडील गेल्यानंतरच्या एखाद्या आखाजीला किंवा दिवाळीला भाऊ तिला तालुक्याला नेतो, दुय्यम निबंधकाकडे अंगठा नाहीतर सही होते, वर एक साडी मिळते. पुढे तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी होते. मोबदला काही नाही, नाते टिकले एवढेच. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला सौर प्रकल्प आला, धुळे-सुरत महामार्ग रुंद झाला. जमिनीला भाव आला तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळणार होता. ते नाव आधीच उडालेल्या बहिणीने शाळेला खोली कशाच्या जोरावर बांधून द्यायची? माझ्या मते खानदेशातल्या बायकांनी दिलेले सर्वांत मोठे दान हेच हक्कसोड आहे. ते भावांना मिळाले आणि त्याची कोनशिला कुठेच नाही. त्याच भावांपैकी ज्यांनी पुढे शिक्षणसंस्था काढल्या, त्यांनी संस्थेला ‘मातोश्री’चे नाव दिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बाईची सेवा पैशात मोजायची नसते. रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभे केले, पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या संस्थेसाठी इंग्रजी येत नसताना अमेरिकेपर्यंत वर्गणी मागत गेल्या, सिंधुताई सपकाळ आयुष्यभर भाषणे करून पदर पसरत राहिल्या. बरोबर आहे. पण या उदाहरणांनी माझेच म्हणणे पुढे जाते. पार्वतीबाईंना आणि सिंधुताईंना मागावे लागले, कारण पैसा दुसऱ्यांच्या हातात होता. मागणारीला आपण माई म्हणतो. देणारी स्वतःच्या अटीवर दिसली की तिला गर्विष्ठ म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. श्रीमंत बायकांच्या उपकारावर गरिबांनी का जगावे, सरकारने हक्क म्हणून द्यावे हेच बरे. मला हे मान्य आहे. रुग्णालय आणि शाळा शेटाणीच्या मर्जीवर असू नयेत. लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये जुलै 2024 पासून ज्या घरांत आले, तिथे ते औषधाला, फीला लागतात, आणि त्या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटी लिहिणाऱ्याला नाही. तक्रार वेगळी आहे. ज्या राज्याने 1994 मध्ये बाईला वाटेकरी म्हटले, त्याने तीस वर्षांनी तिला लाभार्थी म्हटले आणि नात्याने बहीण केले. खात्यात पैसे टाकणारा भाऊ फलकावर हसतो आहे. सातबाऱ्यावरचा भाऊही हसतोच आहे. पहिल्याने दुसऱ्याला कधी काही विचारले नाही.

राहिला कंपन्यांचा प्रश्न. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले. त्याच कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध आणि इतर बड्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक बाई असणे सक्तीचे केले, आणि अनेक ठिकाणी ती घरातलीच निघाली. आता धनादेश तिच्या हस्ते दिला जातो, रक्कम समिती ठरवते. खानदेशाला याहून चांगला नमुना माहीत असायला हवा होता. विप्रोचा जन्म 1945 चा, अमळनेरच्या तेलगिरणीतला. अझीम प्रेमजींच्या आई गुलबानू या डॉक्टर. त्यांनी मुंबईत हाजीअलीजवळच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी वर्षानुवर्षे पैसा उभा केला आणि कारभार पाहिला. पोलिओ झालेल्या लेकीच्या काळजीतून त्या कामाची सुरुवात करणाऱ्या फातिमा इस्माईलही बाईच. मुलाच्या पुढच्या अफाट देणग्यांची बातमी जगभर होते, आणि तो स्वतः आईचे नाव घेतो. अमळनेरात विप्रोचे शेअर धरून श्रीमंत झालेल्यांच्या कथा मात्र जास्त चवीने सांगतात.

साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या पुढे आदिवासी पट्टा आहे, आणि तिथे वरचा सगळा युक्तिवाद अपुरा पडतो. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, त्यामुळे 1994 ची ती तारीख कोकणा-भिल्लांच्या लेकींसाठी उगवलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितले, की बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नाही तर तो नाकारता येणार नाही. चौंडीच्या बैठकीनंतर अवघ्या अडीच महिन्यांनी आलेला हा निकाल एखाद्या ग्रामसभेत वाचून दाखवायला मंडप लागत नाही. तीनशेव्या वर्षाच्या निमित्ताने महसूल खात्याने आणखी एक काम करायला हरकत नव्हती: 1994 पासून प्रत्येक तालुक्यात किती हक्कसोडपत्रे नोंदली गेली, त्यांत किती एकर गेले आणि सोडणाऱ्यांत बायका किती, हे जाहीर करायचे. दस्त दुय्यम निबंधकाकडे आहेत, फेरफार तलाठ्याकडे आहेत.