दीर्घिकेची कड आणि दृष्टीची मर्यादा

कुरखेडा परिसरात मराठी, गोंडी व छत्तीसगढी या तिन्ही भाषा कानी पडतात. नकाशावर मात्र त्यांच्यामध्ये एक रेघ ओढलेली असते. ही रेघ भाषेची सीमा दाखविते, की सर्वेक्षकाने जेथे विचारणे थांबविले ते ठिकाण, असा प्रश्न भाषाभ्यासकास नेहमी पडतो. खगोलशास्त्रातही असाच प्रश्न उद्भवला असून त्याच्या उत्तरात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचा मोठा वाटा आहे.

कुरखेड्याच्या जंगलात निरभ्र, चंद्रहीन रात्री सुमारे 25 लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी अंधूक डागासारखी दिसते. परंतु बहुसंख्य दीर्घिका इतक्या तेजस्वी नाहीत. त्या खुज्या असतात. आपल्या आकाशगंगेत 100 अब्ज वा अधिक तारे आहेत. खुज्या दीर्घिकेत ते फार तर काही अब्ज, तर कित्येकींत काही हजारच असतात. मोठ्या दीर्घिका लहानांच्या मीलनातून घडत गेल्या असे मानण्यात येते. म्हणून या खुज्यांची वाढ समजून घेणे अगत्याचे ठरते.

नवजात, तप्त तारे विपुल अतिनील किरण टाकतात. वातावरणातील ऑक्सिजन व ओझोन ते शोषून घेत असल्याने दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीचा व्यास अवघा 37.5 सेंटिमीटर, म्हणजे ‘हबल’च्या 2.4 मीटर आरशाच्या एकषष्ठांशाहूनही कमी. तथापि आयुकाचे कनक साहा, तेजपूर विद्यापीठाचे अंशुमान बोरगोहाईन व त्यांचे सहकारी यांनी तिच्या साहाय्याने 1 अब्जाहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या 11 निळ्या खुज्या दीर्घिका तपासल्या. त्यांचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हबलच्या चित्रांत जेथे ताऱ्यांची वस्ती संपल्यासारखी वाटत होती, त्याच्याही पलीकडे अतिनील प्रकाश आढळला. तेथे नवे तारे जन्मत होते. बाहेरून येणाऱ्या वायूपासून बनलेले हे पुंज हळूहळू आत सरकतात व दीर्घिकेची वाढ होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आहे.

हे यश व्यासाचे नव्हे, योग्य तरंगलांबीच्या निवडीचे होय. जी कड दीर्घिकेची मानली गेली, ती वस्तुतः दृश्य प्रकाशातील आपल्या दृष्टीची कड होती. भाषानकाशावरील रेघेकडेही याच सावधपणाने पाहावे. रेघेपलीकडील गावात प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारला, तर निराळे उत्तर मिळण्याचा संभव आहे.