ही कॉफीच नव्हे!

गेल्या वर्षी वसतिगृहात राहायला निघालो तेव्हा आजीने एका लहानशा डबीत जायफळाची पूड भरून दिली. आमच्या घरी दूध, थोडे पाणी, साखर आणि कॉफीची पूड एकत्र उकळतात व उतरवताना त्यात चिमूटभर जायफळ घालतात. जागण्यासाठी कॉफी आणि झोप येण्यासाठी जायफळ, असा हा विलक्षण संसार! पण आम्हांला त्यात कधी विसंगती वाटली नाही.

माझा खोलीतला सोबती कुंभकोणमचा. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेने त्याच्यापुढे कप ठेवला. त्याने एक घोट घेतला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "चांगली आहे, पण ही कॉफी नव्हे, ही खीर आहे." खोलीत हशा पिकला. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी डबी ट्रंकेच्या तळाशी गेली.

मग खरी कॉफी कोणती? या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले. तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ कॉफीच्या माहेरापासून, म्हणजे इथिओपियापासून करू. तेथे पाहुण्यांच्या देखत हिरवे दाणे धुतात, तव्यावर भाजतात, तो सुवास पाहुण्यांपुढे फिरवतात, मग दाणे कुटून 'जबना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. तिसरीला 'बरका' म्हणजे आशीर्वाद म्हणतात. त्याआधी उठून जाणे बरे दिसत नाही. दुधाचे नाव नाही. काही भागांत तर कॉफीत मीठ किंवा लोणी घालतात. येथे कॉफी म्हणजे मुख्यतः एकमेकांना दिलेला वेळ.

लाल समुद्र ओलांडला की येमेन. पंधराव्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात जाग यावी म्हणून कॉफी पीत. पुढे तिच्याभोवती माणसे जमू लागली, गप्पा रंगू लागल्या, तेव्हा १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. आज आखाती देशांत दाणे अगदी फिकट भाजून, वेलदोडा घालून, बिनसाखरेची कॉफी लहान पेल्यात देतात आणि सोबत खजूर. पुरे झाली की पेला हलवायचा. नाहीतर यजमान ओततच राहतो.

तुर्कस्तानात पिठासारखी बारीक पूड लांब दांड्याच्या भांड्यात मंद आचेवर फेस येईपर्यंत तापवतात. साखर किती, हे आधीच सांगावे लागते, कारण नंतर ढवळले तर तळाचा गाळ वर येतो. ग्रीसमध्येही कॉफी अशीच करतात आणि पूर्वी तिला 'तुर्की'च म्हणत. १९७४ साली तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवल्यावर मात्र तीच कॉफी 'ग्रीक' झाली. भांडे तेच, कृती तीच. बदलले ते नाव.

इटलीची तऱ्हा याच्या उलट. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने वाफेच्या दाबावर एकेक कप झटपट काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर गाज्जाच्या दट्ट्याच्या यंत्राने हा दाब पुष्कळ वाढवला आणि कपावर सोनेरी साय आली. 'एस्प्रेसो' ती हीच. सुमारे अर्ध्या मिनिटात तयार होते आणि काउंटरपाशी उभ्याउभ्याच दोन-तीन घोटांत संपते. बसून प्यायची तर अनेक ठिकाणी दाम जास्त! दुधाची कापुचिनो सकाळी चालते. जेवणानंतर मागितली की हा परदेशी आहे, हे सर्वांना कळते.

व्हिएतनाममध्ये फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात कॉफी नेली. पण ताजे दूध मिळेना. म्हणून डब्यातले गोड, आटवलेले दूध कपाच्या तळाशी घालून त्यावर गाळणीतून कडू, काळी कॉफी थेंबथेंब पाडू लागले. १९४६ साली हनोईत दुधाची टंचाई झाली, तेव्हा एकाने अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर घातला. आज दुधाला तोटा नाही, तरी दोन्ही प्रकार आवडीने पितात.

येथवर वाचल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आपण जिला राष्ट्राची आवड म्हणतो, ती बहुधा कधीकाळची अडचण असते. कुठे दूध नव्हते, कुठे फुरसत नव्हती, कुठे रात्र जागायची होती. अडचण गेली, चव राहिली.

आता माझ्या सोबत्याच्या कॉफीकडे वळू. पितळी फिल्टर, दाट डिकॉक्शन, टंबलर-डबऱ्यात उंचावरून ओतून आणलेला फेस, सारे मान्य. पण त्याच्या पुडीत कॉफीबरोबर चिकरी असते. चिकरी हे कॉफीचे दाणे नव्हेत. ते एक भाजलेले मूळ आहे. १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडशी होणारा व्यापार तोडला, युरोपात कॉफी दुर्मिळ झाली आणि फ्रान्समध्ये या मुळाची पूड घराघरांत शिरली. म्हणजे जी 'शुद्ध' कॉफी मला दाखवली जात होती, तिच्यातही टंचाईचा वाटा होताच.

हे मी त्याला विजयी मुद्रेने ऐकवले. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "असेल. पण चिकरीशिवाय आम्हांला ती आमची वाटत नाही."

त्याचे उत्तर ऐकून मीच निरुत्तर झालो; कारण जायफळाबद्दल मलाही नेमके हेच म्हणायला हवे होते, आणि ते न म्हणता मी डबी लपवली होती. त्या रात्री ट्रंक उघडली. पुडीचा वास पार उडून गेला होता. आजीला पत्र टाकले आहे: या खेपेस पूड नको, अख्खे जायफळ पाठव, येथे दोघांना लागेल.