गाडीला दम हवा? आधी हवा तपासा!

शेतकरी बंधूंनो, लासलगावचा कांदा असो की नारायणगावचा टोमॅटो, मुंबईचा भाव घ्यायचा तर गाडी घाट उतरून नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजारात न्यावी लागते. कांदा-बटाट्याचा बाजार इथे १९८१ मध्ये आला, भाजीपाला व फळांचा १९९६ मध्ये. माल उतरला की परतीच्या भाड्यासाठी गाडी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलकडे वळते. तिथे गॅरेज आहेत, सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि "शेठ, एवढं एक बसवून घ्या, गाडी घाटात पळेल बघा," असे सांगणारेही भेटतात. टर्बोचा संच, मोठा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, डिझेलच्या नळीवर लावायचे लोहचुंबक. यातले काय घ्यायचे? खिशात हात घालण्याआधी थोडा हिशेब पाहा.

हवेचा हिशेब

एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान १० हजार लिटर हवा लागते. जुन्या टाटा गाड्यांतले ६९७ इंजिन अनेकांच्या ओळखीचे. ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ते ६९७. क्षमता सुमारे ५.७ लिटर. मिनिटाला २,४०० फेरे झाले तर हे इंजिन हिशेबाने ६,८०० लिटर हवा ओढते. आता गावच्या कच्च्या रस्त्यावरच्या फुफाट्याने फिल्टर गच्च झाला असेल, तर इंजिन श्वास कुठून घेणार?

अशा वेळी "पंप वाढवून देतो" म्हणणारा भेटतो. पंप वाढवला म्हणजे डिझेल जादा गेले, हवा मात्र तेवढीच. न जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. तो धूर म्हणजे तुमचेच पैसे! शिवाय पिस्टन तापतो, लायनरवरचे ऑइल धुतले जाते आणि इंजिन लवकर कामाला येते.

म्हणून आधी स्वस्तातली कामे करा. फिल्टर बदला. हवेच्या नळ्या, क्लिपा ढिल्या नाहीत ना, पाहा. नोझल तपासून घ्या. टॅपेट लावून घ्या. क्लच घसरतो का, ब्रेक धरून बसतात का, टायरमधली हवा बरोबर आहे का, हेही बघा. पुष्कळदा गेलेला दम एवढ्यातच परत येतो.

टर्बो चांगला, पण...

टर्बोत खोटे काही नाही. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो पंखा फिरवतो व हवा दाबून आत भरतो. पण कंपनी टर्बोचे इंजिन करते तेव्हा पिस्टन, ऑइलची सोय, पंपाचे सेटिंग, सगळे त्या हिशेबाने ठेवते. साध्या इंजिनावर नुसता संच आवळला तर हेड गॅस्केट आणि पिस्टनवर ताण येतो.

लोहचुंबकाचे म्हणाल, तर इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पारखली. मायलेज ठळकपणे वाढवणारे एकही तिला सापडले नाही.

बीएस-६ गाड्या (१ एप्रिल २०२० पासून) तर वेगळ्याच. सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी काढून 'मोकळा' करण्याच्या फंदात पडू नका. आणि युरियाच्या टाकीत शेतातला युरिया विरघळवून टाकू नका! त्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया लागतो. आपला खताचा युरिया निमकोटेड, त्याने ती यंत्रणा खराब होते.

कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

जाताना ब्रेक, येताना दम

आता मुद्द्याची गोष्ट. कसारा असो, माळशेज असो की बोरघाट, आपली भरलेली गाडी घाट चढत नाही, उतरते! दम लागतो तो परतीला, भाड्याचा माल घेऊन चढताना. मग माल भरलेली गाडी उतरवताना जीव कशावर? ब्रेकवर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून घाट उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेक लायनिंगवर टाकणे. लायनिंग तापले की ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

बसवायचेच असेल तर कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेला एक्झॉस्ट ब्रेक बसवा. तो धुराची वाट अडवतो आणि इंजिनच गाडीला रोखून धरते. मात्र गाडी गिअरमध्ये हवी. हमरस्त्यावर लांब पल्ल्याला केबिनच्या टपावरचा वारा वळवणारा पत्रा आणि रेडियल टायर हेही डिझेल वाचवतात. आणि पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका. कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. एवढ्यात खेपेचा नफा बुडतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या सचिवांनो, पंचायतीचा टँकर असो की गटाचा ट्रक, सुटा भाग घेताना पक्के बिल आणि लेखी हमी मागा. बसवण्याआधी तीन खेपा आणि नंतर तीन खेपा, तोच रस्ता, तेवढाच माल, दरवेळी टाकी काठोकाठ भरून, असे डिझेल मोजा व वहीत मांडा. फरक वहीत दिसला तर तो खरा. दुकानदाराच्या तोंडचा आकडा वहीत धरू नका.