दोन राउटरांमधला कॉल

घरच्या टेबलावर दोन राउटर इथरनेटने जोडणं हे काही मिनिटांचं काम आहे. केबल लावायची, दोन्ही बाजूंना आयपी ॲड्रेस द्यायचे, इंटरफेस सुरू करायचे, की पिंगला उत्तर येतं. तेच दोन राउटर आयएसडीएनवर, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या जुन्या डिजिटल लाइनवर, जोडायला घेतले तर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. इथे केबल लागली तरी जोडणी झालेली नसते. ती दर वेळी मागावी लागते, ओळख पटवून टिकवावी लागते आणि काम संपलं की सोडून द्यावी लागते. आयएसडीएनचे दिवस संपले हे उघड आहे. तरीही नेटवर्किंग मन लावून शिकणाऱ्याने हा सराव एकदा तरी हाताने करावा, असं मला ठामपणे वाटतं. जोडणी कोणत्या क्रमाने उभी राहते आणि बिघाड त्या क्रमात कुठे शोधायचा, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं साधन घरच्या लॅबमध्ये सहसा सापडत नाही.

पहिला धडा केबलपाशीच मिळतो. सिस्को २५०३ सारख्या जुन्या राउटरवर एक बीआरआय पोर्ट असतो. बीआरआय म्हणजे प्रत्येकी ६४ किलोबिटचे दोन बी चॅनेल आणि १६ किलोबिटचा एक डी चॅनेल. डेटा बी चॅनेलवरून जातो, कॉल लावण्या-तोडण्याची बोलणी डी चॅनेलवर होतात. नवशिक्याला वाटतं, दोन बीआरआय पोर्टांमध्ये क्रॉस केबल टाकली की झालं. वायरी कशाही फिरवल्या तरी हे जमत नाही, कारण दोन्ही राउटर ग्राहकाच्या बाजूची उपकरणं आहेत. घड्याळ समोरून मिळेल, डी चॅनेलवर विचारलेल्या प्रश्नाला समोरून उत्तर येईल, अशी दोघांचीही अपेक्षा असते. मध्ये एक्स्चेंज हवंच. म्हणून घरच्या लॅबवाले आयएसडीएन सिम्युलेटर शोधतात. ॲडट्रानची ॲटलस ५५० आणि टेलटोनची छोटी पेटी ही त्यातली ओळखीची नावं. सिस्कोच्या काही व्हॉइस कार्डांना ‘प्रोटोकॉल-एम्युलेट नेटवर्क’ ही कमांड देऊन एका राउटरलाच एक्स्चेंजची भूमिका देता येते. मार्ग कोणताही निवडा, दोन टोकांमध्ये एक तिसरा पक्ष आहे आणि त्याच्या संमतीवाचून काही होत नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की कळते.

यानंतर ‘शो आयएसडीएन स्टेटस’ ही कमांड वाचायला शिकावं लागतं. तिचं उत्तर तीन पायऱ्यांत येतं. लेयर १ ‘ॲक्टिव्ह’ दिसला तर वायर आणि घड्याळ ठीक आहे. लेयर २ वर एक्स्चेंजने राउटरला टीईआय नावाचा क्रमांक दिलेला दिसला पाहिजे. आपोआप दिला जाणारा हा क्रमांक ६४ ते १२६ यांच्यामध्ये असतो. त्याच्यापुढे ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ असं आलं की डी चॅनेलवर बोलणं सुरू झालं. लेयर ३ वर चालू कॉल दिसतात. लेयर १ ठीक आणि लेयर २ अडलेला असेल तर केबल बदलत बसण्यात अर्थ नसतो, आधी स्विच टाइप तपासायचा. युरोपी पद्धतीच्या एक्स्चेंजला ‘बेसिक-नेट३’ लागतो, उत्तर अमेरिकेतल्या स्विचना वेगळे प्रकार लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एसपीआयडी नावाचा आणखी एक क्रमांक भरावा लागतो. ओएसआयचे सात लेयर परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. इथे मात्र खालची पायरी चढल्याशिवाय वरची दिसतच नाही.

खरी कसोटी कॉल लागल्यावर सुरू होते. एका राउटरला ‘पुणे’ आणि दुसऱ्याला ‘नाशिक’ असं नाव देऊ. पुण्याहून पाच पॅकेटांचा पिंग दिला की पहिल्या एक-दोन पॅकेटांच्या जागी टिंब येतात आणि मग उद्गारचिन्हं. कॉल लागायला जो वेळ गेला, तो त्या टिंबांत दिसतो. डीबग चालू ठेवला तर डी चॅनेलवरच्या क्यू.९३१ या प्रोटोकॉलचे संदेश ओळीने येतात: सेटअप, कॉल प्रोसीडिंग, कनेक्ट, कनेक्ट ॲक. त्यानंतर बी चॅनेलवर पीपीपी हा प्रोटोकॉल सुरू होतो आणि चॅप एकमेकांची ओळख तपासतं. यात पासवर्ड लाइनवरून जात नाही. आलेल्या आव्हानात पासवर्ड मिसळून काढलेलं एमडी५ उत्तर तेवढं जातं. पुण्याच्या राउटरवर नाशिकच्या नावाने युजरनेम हवं, नाशिकच्या राउटरवर पुण्याच्या, आणि पासवर्ड दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखा. त्यात एखादं अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडलं, की कॉल लागतो आणि लगेच तुटतो. अशा वेळी क्यू.९३१ च्या नोंदीत कारण १६ दिसतं. त्याचा अर्थ कॉल रीतसर संपला. डी चॅनेलच्या दृष्टीने ते खरंही आहे: एका बाजूने कॉल सोडला, एक्स्चेंजने तो तोडला. खरं कारण पीपीपीच्या डीबगमध्ये असतं. एका लेयरची नोंद खरी असूनही पूर्ण नसते, हे इथे डोळ्यांसमोर घडतं.

याच सरावात दुसरी एक शिस्त अंगी बाणते, ती खर्चाची. आयएसडीएनचा कॉल वेळेनुसार मोजला जाई, म्हणून कोणत्या पॅकेटसाठी कॉल लावायचा हे ‘डायलर-लिस्ट’मध्ये आधी ठरवावं लागतं. त्या यादीत बसणारं पॅकेट कॉल लावतं आणि निष्क्रियतेचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं. न बसणारं पॅकेट कॉल लावत नाही, पण लाइन चालू असेल तर तिच्यावरून खुशाल जातं. हा बारकावा ध्यानात न घेणाऱ्याचं गणित हमखास चुकतं. १२० सेकंदांचं ठरलेलं घड्याळ असूनही लाइन तुटत नसेल तर ‘शो डायलर’ पाहावं. कॉलचं कारण तिथे लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्यापुढे २२४.०.०.५ हा पत्ता दिसतो. म्हणजे ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचा हॅलो. दर १० सेकंदांनी जाणारा हा हॅलो यादीत बसत असेल तर लाइन बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून ओएसपीएफला ‘डिमांड सर्किट’ ही सोय द्यावी लागली, तिचा आरएफसी १७९३ हा १९९५ चा आहे.

पहिला आक्षेप उघड आहे: मेलेल्या तंत्रावर वेळ कशाला घालवायचा? जपानमध्ये एनटीटीने १९८८ मध्ये सुरू केलेल्या आयएसडीएन सेवेतला डिजिटल डेटा प्रकार २०२४ मध्ये थांबवला. ब्रिटनमध्येही जुन्या टेलिफोन जाळ्याबरोबर आयएसडीएन बंद करण्याचं काम चालू आहे. नोकरीसाठी आयएसडीएन शिका, असं मीही म्हणणार नाही. पण या सरावातून हाती लागणाऱ्या गोष्टी आजच्या कामात जागोजागी भेटतात. इंटरनेटवरच्या फोनसाठी चालणाऱ्या एसआयपीमधले इन्व्हाइट, ट्राइंग, ओके आणि ॲक हे संदेश क्यू.९३१ च्या संदेशांशी जवळपास एकास एक जुळतात. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर युजरनेम-पासवर्ड टाकून जे पीपीपीओई चालतं, त्याच्या पोटात हेच पीपीपी आहे. आयपीसेकचा बोगदाही पुष्कळदा ठरवून दिलेलं पॅकेट आल्यावरच उभा राहतो. मुख्य लाइन पडली की मोबाइल डेटावर जाणाऱ्या शाखेच्या राउटरमध्ये, कोणत्या वाहतुकीसाठी पैसे मोजायचे, हा प्रश्न जसाच्या तसा येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पीपीपी आणि चॅप तर दोन सीरियल पोर्ट डीटीई-डीसीई केबलने जोडूनही शिकता येतात, मग एवढा खटाटोप का? ते खरं आहे, आणि ज्याच्याकडे पैसे मोजकेच आहेत त्याने सुरुवात तिथूनच करावी. मात्र सीरियल लाइन सतत उभी असते. तिच्यात फोन नंबर नाही, एक्स्चेंज नाही, कॉल लावण्याचा निर्णयही नाही. सॉफ्टवेअरमधली लॅबही इथे फारशी मदत करत नाही. जीएनएस३ मधले जुने सिस्को राउटर चालवणाऱ्या डायनॅमिप्समध्ये बीआरआय कार्डाची सोय नाही. त्यामुळे ही गोष्ट खऱ्या डब्यांवरच शिकावी लागते आणि सिम्युलेटर महाग पडतो, ही अडचण मान्य करायलाच हवी. क्लासेस आणि कॉलेजांनी एक संच घेऊन विद्यार्थ्यांना आळीपाळीने वापरायला दिला तर ती बरीचशी सुटेल.

घरी करणाऱ्याने खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: राउटरचा पोर्ट एस/टी आहे की यू, आणि सिम्युलेटर कोणता स्विच टाइप देतो. पोर्ट जुळत नसतील तर मध्ये एनटी१ हे जोडउपकरण लागेल. सगळं चालू झालं की एकदा मुद्दाम चुकीचा स्विच टाइप घाला, मग चुकीचा पासवर्ड, मग डायलर-लिस्टमध्ये सगळ्याच पॅकेटांना परवानगी द्या, आणि प्रत्येक वेळी बिघाड कोणत्या लेयरवर दिसतो ते वहीत लिहून ठेवा. तीन बिघाडांची ही वही पुढे कोणत्याही नेटवर्कवर उपयोगी पडेल.