आळिंबीतली प्रथिने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आळिंबीत डाळीच्या तोडीची प्रथिने असतात, हा समज सुकवलेल्या आळिंबीच्या आकड्यांतून पसरला आहे. ताज्या बटन मशरूममध्ये सुमारे ९० टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅममागे प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. २०० ग्रॅमचे पाकीट चौघांनी वाटून खाल्ले, तर सगळ्यांना मिळून एका अंड्याइतकीच प्रथिने मिळतात. सुक्या पावडरीचा आकडाही जपून वाचावा. प्रथिने मोजताना सहसा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात. पण आळिंबीच्या पेशीभित्तीतल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. म्हणून अनेक संशोधक ४.३८ने गुणतात आणि आकडा तीस टक्क्यांनी उतरतो. याचा अर्थ ही प्रथिने निकृष्ट आहेत असा मुळीच नाही. त्यांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात, आणि गहू-तांदळात कमी पडणारे लायसीनही मिळते. पोळीबरोबर धिंगरी आळिंबीची भाजी खाण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडणारा आहे: ही प्रथिने रोगप्रतिकारशक्ती वाढवतात आणि कर्करोग रोखतात. याला आधार अजिबात नाही, असे नाही. आळिंबीतली लेक्टिन्स ही प्रथिने आणि एनोकी या आळिंबीतून वेगळे काढलेले ‘एफआयपी-एफव्हीई’ हे प्रथिन प्रयोगशाळेत रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करतात. पण प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. शिजवताना ही घडी बहुधा मोडते आणि उरलेसुरले प्रथिन पचनात तुटून त्याची अमिनो आम्ले होतात. यावर कोणी म्हणेल, एफआयपी-एफव्हीई तोंडावाटे देऊनही उंदरांमध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीची लक्षणे कमी झाली. खरे आहे, पण ते शुद्ध केलेले, मोजून दिलेले प्रथिन होते. त्यावरून ताटातल्या भाजीने माणसाचा आजार बरा होतो, हे सिद्ध होत नाही. शिवाय आळिंबीच्या नावावर सांगितले जाणारे बरेच गुण बीटा-ग्लुकनचे आहेत, आणि ते प्रथिन नव्हे, कर्बोदक आहे.

मग कच्चीच खावी का? तेही नको. त्याच एनोकीत फ्लॅम्युटॉक्सिन नावाचे, तांबड्या रक्तपेशी फोडणारे प्रथिन असते आणि ते उष्णतेने निकामी होते. अपायकारक प्रथिने घालवणारी आचच ‘औषधी’ प्रथिनांवरही चालते. म्हणून आळिंबी नीट शिजवून, चांगले अन्न म्हणून आवडीने खावी. कॅप्सूल विकणाऱ्याला मात्र विचारावे: यात नेमके कोणते प्रथिन आहे, किती आहे, आणि माणसांवर त्याची चाचणी झाली आहे का? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवू नये.